पिवळ्या जातीचा वेल

गच्चीवरचा पॅशन फ्रूटचा वेल फुलांनी लगडायचा, पण गेली तीन वर्षं एक फळ धरेल तर शपथ. पूर्वी बायको रोज सकाळी तात्यांना त्याचा गर द्यायची. पोट साफ राहील, रक्तदाबालाही बरं, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. शेवटी तात्यांनी माळ्याला बोलावलं.

"उपटून टाक. पूर्वी फळं यायची, आता नुसता मांडव अडवून बसलाय."

माळी हसला. "वेलाचा काय दोष, तात्या? ही पिवळी जात. जांभळीला स्वतःचा पराग चालतो, हिला दुसऱ्या वेलाचा लागतो. इथं भुंगे फिरकत नाहीत. भर दुपारी फूल उमललं, की कुणीतरी तो पराग ब्रशनं आणून लावायला हवा. पूर्वी फळं येत होती म्हणता, म्हणजे कुणीतरी लावत असणार."

तात्यांनी कठड्यापलीकडे पाहिलं. शेजारच्या विधुराच्या गच्चीत नुसता मांडव उभा होता.

तीन वर्षांपूर्वी, बायको रोज भर दुपारी त्या गच्चीत दिसते, हे कळलं तेव्हा "या वयात हे थेर?" म्हणत त्यांनी सारी इमारत गोळा केली होती. गच्चीला कुलूप लागलं. शेजाऱ्यानं त्याच आठवड्यात आपला वेल मुळासकट काढून टाकला.

तात्या खाली आले. बायको जुनी शिवण उसवत बसली होती. गच्चीची किल्ली तिच्यापुढे ठेवून ते पुटपुटले, "अगं, एका शब्दानं सांगायचंस तरी."

तिनं मान वर केली नाही.

"सांगतच होते. तुम्ही कुलूप शोधत होतात."