न्हाव्याच्या बातम्या

न्हावी रोज दुकान उघडण्याआधी चहा पिताना बायकोला पेपर वाचून दाखवायचा. स्वतःला वाचता येत नव्हतं, म्हणून बातम्या तो मनानेच रचायचा. एका देशात त्याने बोकडाला अर्थमंत्री करून टाकलं. बायको चारचौघींत नवऱ्याच्या वाचनाचं कौतुक करायची. मग ती साक्षरता वर्गाला जायला लागली आणि न्हाव्याला त्यात काहीतरी काळंबेरं दिसायला लागलं. फुकट का शिकवतात? वर पाटीही देतात? शिकवणाऱ्या बाई रस्त्यात त्याच्याकडे बघून हसल्या, तेव्हा कटाची खात्रीच पटली. आज बायकोने पेपर स्वतः उघडला. बोट अक्षरांखालून मुंगीसारखं सरकत राहिलं. "अहो, बोकडाचं काहीच कसं नाही?" "आतल्या पानावर बघ." तिने आतलंही वाचलं. न्हाव्याने दाढीचा ब्रश चहात बुडवला. "या पेपरवाल्यांना काही सुचतच नाही," ती म्हणाली. "वर्गाला चला संध्याकाळी. तुमच्या बातम्या तुम्हीच लिहायला शिका."