केसाएवढी भेग

कर्त्या मुलाला तिसऱ्यांदा मेंदूज्वर झाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा स्कॅन काढला आणि आईला आत बोलावलं. पडद्यावर कवटीच्या तळाशी केसाएवढी भेग होती. "हाड फार पूर्वी तडकलंय. त्यातून नाकातले जंतू मेंदूपर्यंत पोहोचतात. लहानपणी डोक्याला जबर मार लागला होता का?" "चार वर्षांचा असताना पलंगावरून पडला होता," आई म्हणाली. "मी कामावर होते. हे घरी होते." "पलंग किती उंच होता?" आईने हात गुडघ्याशी नेला. तो तिथेच राहिला. डॉक्टरीणबाईंनी पडदा बंद केला. "ऑपरेशन करून भेग बुजवता येईल," एवढंच म्हणाल्या. बाहेर बाकावर नवरा होता. पोराच्या उशाशी जागून त्याचे डोळे खोल गेले होते. "जुनी भेग सापडली," ती म्हणाली. त्याने कुठे, कशाने, काहीच विचारलं नाही. खाली बघत म्हणाला, "त्याला काही आठवतंय का?"