उंबऱ्याबाहेरचे वाडगे

"बाबा, शेवटचं विचारते. तुमच्या घराण्यात कुणा बाईला छातीचा कॅन्सर झाला होता का?"

हिवाळ्याच्या सणाला पूर्वजांसाठी गोड गोळ्यांचे वाडगे मांडणाऱ्या वंग शीपोंनी मान वर केली नाही. "शंभरदा सांगितलं, नाही. आमचं रक्त स्वच्छ आहे. तुझं दुखणं तुझ्या आईच्या माहेरचं."

शस्त्रक्रियेनंतर सूछिनच्या छातीच्या डाव्या बाजूला आता सदऱ्याची सपाट घडी तेवढी उरली होती. तिशी उलटली, लग्न राहून गेलं. दोष पिढीजात आहे, धाकट्या बहिणीचंही रक्त ताबडतोब तपासा, असं फूचौ शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तिथली उद्याची वेळ ठरली होती. आणि यूछिनचं लग्न तोंडावर आलं होतं.

"बाबा नाही म्हणतात ना, ताई!" तांदळाच्या पिठाचे गोळे आल्याच्या पाकात सोडत यूछिन म्हणाली. "सासरी कुणकुण लागली तर सोयरीक मोडेल. तू बुडालीस, आता मलाही ओढतेस?"

हिवाळ्यातलं उणं ऊन अंगणातून काढता पाय घेत होतं.

पूर्वजांची पंगत भरली. मग बाबांनी दोन चिमुकले वाडगे उचलले आणि मागल्या दाराच्या उंबऱ्याबाहेर, जमिनीवर ठेवले. दर वर्षीच ठेवत. भटक्या भुतांसाठी असतील, असं मुलींना लहानपणापासून वाटे. आज प्रथमच सूछिनला दिसलं, बाबा वाकून त्या गोळ्यांवर फुंकर घालत होते. हलकेच, पुन्हा पुन्हा. भुतांचं तोंड पोळेल म्हणून कोण एवढं जपतं?

"कुणाचे हे?"

बाबा वाकलेलेच राहिले. "माझ्या बहिणींचे. दोघी बिनलग्नाच्या गेल्या. अशा मुलींना पंगतीत जागा नसते."

"कशानं गेल्या?"

त्यांचा हात स्वतःच्या छातीपाशी गेला आणि तिथेच थिजला.

"बाबा! मी इतक्यांदा विचारलं—"

"तू घराण्याचं विचारलंस, पोरी." म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "घराण्यात त्या होत्या कुठे?"

यूछिनच्या हातातली पळी पाकात बुडाली. ती उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. दोन वाडग्यांशेजारची फरशी मोकळी होती. आणखी दोघींपुरती.

"ताई," ती म्हणाली, "उद्याची गाडी कितीची आहे?"