केशरी काठ्या

उत्तर फिनलंडमधल्या इनारी गावाकडे जाणाऱ्या वाटेवर आइलाने मीठ न टाकताही बर्फ सुटेल असा डांबरी रस्ता चाचणीसाठी तयार केला होता, आणि तो दिवसेंदिवस अरुंद होत होता. बर्फात कड कळावी म्हणून दोन्ही बाजूंना रोवलेल्या केशरी लाकडी काठ्या आज पुन्हा आत सरकल्या होत्या.

बर्फ ढकलणारी गाडी घेऊन ओलावी आला, तशी आइला रस्त्यात आडवी उभी राहिली.

"माझी चाचणी बुडवायला काठ्या तूच हलवतोस. मला काय आंधळी समजलास?"

ओलावीने काच खाली केली. "काठ्या आम्ही जमीन मऊ असताना रोवतो, बाई. आता ती गोठून दगड झालीय. एक तरी उपटून दाखव, मग माझ्यावर भुंक."

आइलाने दोन्ही हातांनी काठी ओढली. ती जरासुद्धा हलली नाही. भोवतीच्या ताज्या बर्फात एकही पाऊल नव्हतं.

"मग हलवतं कोण?"

"तुझ्या रस्त्याला विचार. मी काही इथे परत येत नाही."

गाडी वळवायलासुद्धा तो थांबला नाही. उलटाच मागे मागे गेला.

त्याला शिव्या घालत आइला आपल्या मोटारीत बसली. गरम हवेने काचेवरचं दव हळूहळू विरलं. समोर, रस्त्याच्या मधोमध, डांबरातून एक केशरी काठी ताठ उभी होती. आरशात मागे दुसरी.

तिने दार ढकललं. ते बोटभर उघडलं आणि लाकडावर टक् करून अडलं.

मग पलीकडच्या दारावरही टक् झालं. त्या दाराला तिने हातही लावला नव्हता.