आडव्या पाडलेल्या गाड्या

जपानमधल्या ओबिहिरो शहरातल्या आपल्या दुकानात हिरोसेने त्रेसष्ट वर्षांच्या शिझुएताईंना लांबच्या भटकंतीच्या दोन मोटारसायकली दाखवल्या. हलकी कच्च्या रस्त्याला बरी, जड लांब पल्ल्याला, असं सगळं सांगून झालं.

"दोन्ही आडव्या पाडा," ताई म्हणाल्या.

"अहो, कोऱ्या गाड्या आहेत!"

"डोंगरात एकटी असणार मी. तिथे गाडी पडली तर उचलायला तुम्ही येणार का?"

हिरोसेने दुकानामागच्या गवतावर दोन्ही गाड्या आडव्या केल्या. हलकी ताईंनी सहज उभी केली. जड हलेना. दोनदा हात सुटला. तिसऱ्यांदा त्यांनी पाठ लावली, पाय रोवले आणि गाडी उभी राहिली. हिरोसे हलकीकडे वळला.

"मग हलकीचेच कागद करू ना?"

घाम पुसत ताई हसल्या. "छे! मला जडच हवी होती. फक्त तिची भीती वाटत होती."