पेटीतल्या चिठ्ठ्या

लहानपणी ती देवाला चिठ्ठ्या लिहून वडील जिथे पाद्री होते त्या चर्चमधल्या पेटीत टाकायची. बूट मागितले, बूट मिळाले. सायकल मागितली, तीही दारात उभी. आज वडिलांच्या कपाटात त्यांच्या ऑपरेशनचे कागद शोधताना त्या चिठ्ठ्या सापडल्या. त्या घेऊन ती तडक हॉस्पिटलात आली. “पप्पा, बूट, सायकल तुम्हीच आणलीत?” “मग काय, देवदूत दुकानात जाणार होता?” दर रविवारी चर्चमध्ये गाणारा, उपदेश करणारा त्यांचा आवाज घोगरा झाला होता. तिने शेवटची चिठ्ठी पुढे केली: ‘आईला बरं कर.’ “तिथं माझं काही चाललं नाही, बाळ.” “आणि आई गेल्यावरही चर्चमध्ये गायलात कसे?” “रागावून गायलो. पण देवासमोरच.” स्ट्रेचर आलं. “प्रार्थना कर,” ते म्हणाले. पाठ असलेली एकही ओळ तिला आठवेना. “प्रभू, मी तुझ्यावर फार रागावलेय.” वडिलांनी तिचा हात धरला. “पुढे बोल. तो ऐकतोय.”