वाघ गेला म्हणे

"वाघ गेला वो, कवाचाच गेला," म्हणत रुखमानं टोपली मोहाच्या झाडाखाली टाकली आणि वेचायला वाकलीसुद्धा.

ताराबाईला हायसं वाटलं. मागच्याच आठवड्यात त्या वाघानं गावच्या इसरूला याच जंगलात ओढून नेलं होतं. तेव्हापासून कोणी लाकडालाही इकडे फिरकलं नव्हतं. पण मोहफुलं काही कोणासाठी थांबत नाहीत. रात्री गळतात, आणि सकाळी वेचली नाहीत तर चितळं खाऊन मोकळी होतात. त्यात काल सांजेपासून गावभर एकच बोलणं, वाघ नदीपार गेला. मग काय, उजाडताच बाया निघाल्या. एरवी वाघ जवळ येऊ नये म्हणून एकजणी सारखा पत्र्याचा डबा वाजवत राहते. आज तो डबाही घरीच राहिला. गेलेल्या वाघासाठी हात कोण दुखवून घेणार?

ताराबाईचं झाड सगळ्यांत टोकाला, नाल्याच्या काठावर. तिची सून डिंपल लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच या रानात आली होती. घरून निघतानाच ती रडकुंडीला आली होती. "सारा गाव सांगून राह्यला, तुले एकलीलेच भेव काऊन?" असं म्हणून ताराबाईनं तिला जवळजवळ ओढतच आणलं होतं. आता ताराबाई रुखमाजवळच वेचायला वाकली आणि डिंपल एकटीच त्या टोकाच्या झाडाकडे निघाली. थोडी चालली आणि थांबली.

"आत्याबाई, त्याले जाताना पाह्यलं कोनं?"

"घ्या! आता वाघाचीबी साक्ष लागते का हिले?" रुखमा म्हणाली आणि बाया खो खो हसल्या. ताराबाईही हसली, पण तिच्या हसण्यात जोर नव्हता. प्रश्न साधा होता, आणि तो तिला स्वतःला सुचला नव्हता.

"खरंच वो रुखमा, तुले कोनं सांगतलं?"

"कांतानं. नदीच्या रेतीत पंजे दिसले म्हणे."

"मी कुठी पंजे म्हटलं?" कांता पलीकडच्या झाडाखालून ओरडली. "नदीपार गेला, एवढंच म्हटलं. मले सोनीबाईनं सांगतलं."

सोनीबाईनं कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "आन् म्या तुयाच तोंडून ऐकलं ना, ताराबाई. काल नळावर."

ताराबाईला आठवलं. काल दुपारी नळावर इसरूचा विषय निघाला होता. मोहाला तर जावंच लागणार होतं, आणि भीती काही केल्या जाईना. म्हणून हंडा उचलता उचलता ती बोलून गेली होती, "गेला असन बाई आता नदीपार." बस, एवढंच. ना तिनं पाहिलं होतं, ना कोणाकडून ऐकलं होतं. सांजेला तेच बोलणं शेजारणीच्या तोंडून तिच्या दारात परत आलं, तेव्हा तिनं डोळे मिटून विश्वास ठेवला. सारा गाव म्हणतो, म्हणजे खरंच असणार. त्या विश्वासावर तिनं पोरीला इथवर ओढून आणलं होतं.

नाल्याकडून एक वानर खाकरलं. वाघ दिसला की ते असंच खाकरतं.

"कुत्रं दिसलं असन त्याले," कांता म्हणाली. कोणी मान वर केली नाही.

डिंपल मधेच उभी होती. पुढे जायची हिंमत नव्हती आणि मागे यायची सोय नव्हती, सासू रागावेल म्हणून. ताराबाई तिच्याकडे धावली. पायानं टोपली उलटली, फुलं सांडली, तिला त्याचं भान नव्हतं. तिनं सुनेचं मनगट घट्ट धरलं.

"उठा वो साऱ्याजनी! चला घरी!" ताराबाईचा आवाज फाटला. "कोनंच नाई पाह्यलं त्याले! मीच बोलली होती, उगीच, आपल्या मनानं! मले भेव लागत होतं म्हणून बोलली!"

वानर पुन्हा खाकरलं. या वेळी जवळून.

रुखमाचे हात भराभर वेचत होते. तिनं वर पाहिलंही नाही.

"तुले काय मालूम, ताराबाई?" ती म्हणाली. "सारा गाव सांगून राह्यला, गेला म्हणून."